घटस्फोटाआधी मुलाचा ताबा: वाद विकोपाला गेलेल्या घरांसाठी सविस्तर माहिती

संसार मोडायला आला की घरातली सगळी चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरते: घटस्फोट घ्यायचा का, आणि कधी? माहेरी बैठका होतात, मामा-काका बोलणी करायला सासरी जातात, "पोरीला नांदवा" म्हणून विनवण्या होतात. यात सहा-आठ महिने सहज जातात. तेवढ्या काळात मूल कुठे आहे, कोणाजवळ झोपतं, कोणत्या शाळेत जातं, याची नोंद कोणीच ठेवत नाही. पुढे न्यायालय सर्वांत आधी नेमकं तेच विचारतं.

म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. घटस्फोट दोन वर्षं लांबला तरी चालून जातं. मुलाचा ताबा, पोटगी आणि राहायची जागा यांना उशीर झाला तर नुकसान होतं. मूल जिथे स्थिरावलं तिथून त्याला हलवायला न्यायाधीश कचरतात, मग ते तिथे कसंही पोहोचलेलं असो. अर्जांचा क्रम ठरवताना हे डोक्यात पक्कं असू द्या.

हा लेख मुख्यतः अशा आईसाठी आहे, जी मारहाण, दारू किंवा सासरच्या जाचामुळे बाहेर पडली आहे किंवा पडायच्या बेतात आहे आणि जिच्या हाती स्वतःची कमाई नाही. वडिलांसाठीही पुढे एक भाग आहे. घटस्फोटाची कलमं हिंदू विवाह कायद्यातली आहेत. मुस्लिम, ख्रिश्चन किंवा विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांसाठी घटस्फोटाचे नियम वेगळे आहेत. पण २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आणि १८९० चा पालक व पाल्य कायदा कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला वापरता येतो.

घर सोडताना आणि त्यानंतरचा पहिला आठवडा

जिवाला धोका असेल तर कागदपत्रांसाठी थांबू नका. ११२ वर पोलीस येतात, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, मुलासाठी १०९८. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, वैद्यकीय मदत आणि कायद्याचा सल्ला एकाच ठिकाणी मिळतो. मुलाला सोबत नेणं शक्य असेल तर नेच. "आधी मी जाते, मग नवरा निवळला की मुलाला आणते" असं ठरवून निघालेल्या आया पुढे महिनोन्‌महिने मुलाचं तोंड पाहण्यासाठी झगडतात.

निघायला थोडा वेळ हाताशी असेल तर मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, शाळेचं प्रगतिपुस्तक, स्वतःची ओळखपत्रं, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो आणि बँकेचं पासबुक घ्या. निदान या सगळ्याचे फोटो काढून विश्वासातल्या माणसाला पाठवून ठेवा. दागिन्यांचेही फोटो काढा. स्त्रीधन परत मागताना पावत्या सापडत नाहीत, लग्नातले फोटोच उपयोगी पडतात. काहीच घेता आलं नाही तरी खचू नका. जन्मदाखल्याची दुसरी प्रत ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेतून निघते.

मारहाण झाली असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या आणि इजा कोणी केली हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. "जिन्यावरून पडले" असं एकदा केसपेपरवर आलं की ते पुसता येत नाही. पोलीस ठाण्यात नुसती अदखलपात्र नोंद झाली तरी तिची प्रत मागून घ्या.

मुलाला माहेरच्या गावात शाळेत घालायचं आहे आणि शाळा सोडल्याचा दाखला सासरच्यांच्या हातात आहे, ही अडचण फार घरांत येते. पहिली ते आठवीसाठी शिक्षणहक्क कायदा, २००९ इथे सरळ उपयोगी पडतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून मुलाचा प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. मुख्याध्यापकांना तसा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मूल नव्या शाळेत वेळेवर जायला लागणं ही ताब्याच्या दाव्यातली भक्कम बाजू ठरते.

स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी

गावाकडे अजूनही शंभर किंवा पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरी केली जाते. चार पंच सह्या करतात, एकरकमी काही रक्कम ठरते आणि खाली ओळ येते: "मुलावर माझा कोणताही हक्क राहणार नाही." अशा कागदाने लग्न मोडत नाही. एखाद्या समाजात रूढीने घटस्फोट मान्य असेल तर कायदा त्याला जागा देतो, पण ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते आणि ते सोपं नसतं. मुलाचा पोटगीचा हक्क तर आई किंवा बाप कोणीच लिहून सोडून देऊ शकत नाही, कारण तो हक्क मुलाचा आहे.

तरीही सही करू नका. कागद बेकायदा असला तरी समोरचा वकील तो दाखवून "हिने स्वखुशीने मूल सोडलं" असं मांडतो आणि तुमचं वर्ष त्याचा खुलासा करण्यात जातं. आधीच सही झाली असेल तर ती कोणत्या दबावाखाली झाली, कोण हजर होतं, हे आत्ताच लिहून ठेवा आणि वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. जातपंचायत वाळीत टाकण्याची धमकी देत असेल तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरोधात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

पहिला अर्ज

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबलेल्या बायका पाहून जीव तुटतो, कारण थांबायची गरजच नसते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका किंवा जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१०० आहे. शिवाय महाराष्ट्रात घटस्फोट, पोटगी, हिंसाचार अशा दाव्यांत स्त्री पक्षकाराला १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे.

पहिला अर्ज बहुतेक वेळा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खाली, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या म्हणजे जेएमएफसी कोर्टात करावा असं माझं मत आहे. तुम्ही सध्या जिथे राहता, अगदी तात्पुरत्या का होईना, तिथल्या न्यायालयात तो चालतो, त्यामुळे सासरच्या तालुक्याला खेटे घालावे लागत नाहीत. शिवाय एकाच अर्जात संरक्षण, राहायची सोय किंवा भाडं, पोटगी, स्त्रीधन आणि मुलाचा तात्पुरता ताबा हे सगळं मागता येतं. ताब्यासाठीचं कलम २१ तर असंही सांगतं, की समोरच्याची भेट मुलाला हानिकारक ठरेल असं वाटलं तर न्यायाधीशांनी ती नाकारावी. हा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत, म्हणजे या कायद्यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत, करता येतो. ते घटनेचा अहवाल तयार करून न्यायालयाला पाठवतात.

साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून मूळ अर्जाबरोबरच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या आदेशाचा, अर्ज आणि शपथपत्र त्याच दिवशी दाखल करा. वकील "अंतरिम नंतर टाकू" म्हणाले तर नम्रपणे पण ठामपणे आजच टाकायला सांगा. तारखेला गैरहजर राहू नका. ई-कोर्ट्स ॲपवर केसचा सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नोंदणी क्रमांक) टाकला की पुढची तारीख स्वतःला दिसते, कोणावर अवलंबून राहावं लागत नाही.

छळाची फौजदारी फिर्याद, म्हणजे जुनं ४९८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, हा वेगळा मार्ग आहे. छळ गंभीर असेल तर ती जरूर करा. पण घडलं तेवढंच लिहा. रागाच्या भरात दूरच्या नणंदेचं आणि दिराच्या बायकोचं नाव घातलं की उलटतपासात ते वाक्य तुटतं, आणि त्याबरोबर तुमच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वासही जातो.

मूल सासरी अडकलं असेल तर

पोलीस बहुधा म्हणतात, "बापाकडेच आहे ना मूल, मग अपहरण कसलं?" तिथे वाद घालत बसण्यापेक्षा मूल कोणत्या तारखेपासून भेटू दिलं नाही, हे लेखी देऊन पोच घ्या आणि त्याच आठवड्यात न्यायालयात जा.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ चं कलम ६ तुमच्या बाजूने आहे: एवढ्या लहान मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. गोव्यातून गेलेल्या रॉक्सॅन शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं, की अशा वेळी आई अयोग्य आहे हे दाखवण्याची जबाबदारी बापावर आहे. आईने आपली योग्यता सिद्ध करत बसायचं नाही. तान्हं किंवा अंगावर पिणारं बाळ हिसकावून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा अडकवून ठेवलेल्या व्यक्तीला न्यायालयासमोर हजर करायला लावणारी, याचिका करता येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

मूल मोठं असेल, बऱ्याच काळापासून तिकडे असेल आणि शाळेतही रुळलं असेल, तर पालक व पाल्य कायद्याखाली सविस्तर अर्ज करावा लागतो. मूल सर्वसाधारणपणे जिथे राहतं तिथल्या न्यायालयात तो चालतो: पुणे, मुंबई, नागपूरसारख्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालयात, आणि जिथे ते नाही तिथे जिल्हा न्यायालयात. त्यात आधी अंतरिम भेट मागा. आठवड्यातून एकदा दोन तास आणि एक दिवसाआड व्हिडिओ कॉल एवढं मिळालं तरी घ्या. "ताबाच हवा, भेट नको" असा हट्ट धरला तर मधल्या वर्षात मूल तुम्हाला परकं मानायला लागतं.

मूल परदेशी किंवा दुसऱ्या राज्यात नेलं जाईल अशी भीती असेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला हद्दीबाहेर नेऊ नये आणि पासपोर्ट न्यायालयात जमा करावा, असा आदेश पहिल्याच अंतरिम अर्जात मागा. अमेरिका-युरोपातून मुलासह परतलेल्या मराठी कुटुंबांनी एवढं लक्षात ठेवावं: एका देशातून दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. तिथल्या न्यायालयाचा आदेश इथे आपोआप लागू होत नाही आणि दुर्लक्षितही होत नाही. इथलं न्यायालय मुलाचं हित स्वतंत्रपणे तपासतं.

न्यायालय काय पाहतं

आईला नोकरी नाही, माहेरचं घर दोन खोल्यांचं आहे, समोर मात्र बंगला आणि गाडी आहे. या भीतीने कित्येक आया आधीच हार मानतात. ताब्याचा निर्णय श्रीमंतीवर होत नाही. पैशाची तफावत पोटगीने भरून काढायची असते. मुलाचं हित म्हणजे न्यायालयाच्या लेखी त्याचा रोजचा दिवस: त्याला शाळेत कोण सोडतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, अभ्यास कोण घेतं, घरात भांडण-दारू आहे का, आजी-आजोबा सांभाळायला आहेत का.

म्हणून पुरावाही रोजच्या दिवसाचा गोळा करा. शाळेच्या डायरीतल्या सह्या, पालकसभेची हजेरी, लसीच्या नोंदी, डॉक्टरांचे कागद, वर्गशिक्षिकेला तुम्ही पाठवलेले मेसेज. एक साधी वही करा आणि मुलाबद्दल काय घडलं ते तारखेनिशी लिहा: भेट ठरली होती, आले नाहीत, फी भरली, पावती क्रमांक अमुक. फोनमधले मेसेज आणि रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन जपावा लागतो. नुसते स्क्रीनशॉट काढून फोन विकू नका.

नैराश्यासाठी गोळ्या चालू असतील तर समोरचे "ही वेडी आहे" म्हणतील. उपचार घेणारी आई अयोग्य ठरत नाही. उपचार लपवणं मात्र अंगाशी येतं. डॉक्टरांकडून तब्येत स्थिर असल्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

"मला काही उत्पन्नच नाही" म्हणणारा नवरा

पोटगीच्या दाव्यात हे वाक्य हमखास येतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि दायित्वांचं सविस्तर शपथपत्र द्यावंच लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणजे अर्ज जितका लवकर, तितके महिने वाचले.

शपथपत्रात त्याने काय लपवलं हे दाखवणं मात्र तुमच्या हाती आहे. शेतकरी कुटुंब असेल तर सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन काढा. ऊस कोणत्या कारखान्याला जातो, दूध कोणत्या डेअरीला घालतात, बिल कोणत्या बँक खात्यात जमा होतं, हे तुम्हाला घरात राहून माहीत असतं. ते वकिलाला लिहून द्या, म्हणजे त्या कारखान्याकडून किंवा बँकेकडून माहिती मागवण्याचा अर्ज करता येतो. नोकरदार असेल तर मालकाकडून पगारपत्रक मागवता येतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून सोडून देऊ नका. वडिलोपार्जित असेल तर त्यातला मुलाचा हिस्सा हा वेगळा विषय आहे, वकिलाला जरूर विचारा.

स्वतःच्या शपथपत्रातही खरंच लिहा. शिवणकामाचे तीन हजार मिळत असतील तर तीन हजार लिहा.

पोटगी मंजूर होऊनही येत नसेल तर वसुलीचा अर्ज करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालच्या, म्हणजे जुन्या कलम १२५ च्या, थकबाकीसाठी रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. "देईल देईल" म्हणत वर्ष उलटलं की त्या महिन्यांसाठी वॉरंटचा मार्ग बंद होतो. दर सहा महिन्यांनी अर्ज टाकायची सवय ठेवा.

मुलाला न्यायालयात न्यायचं तेव्हा

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक मुलाशी बोलतात. मूल समजत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या दालनात बोलावून विचारतात. किती वर्षांच्या मुलाचं मत धरायचं याचं ठराविक वय कायद्यात नाही. मूल स्वतःच्या शब्दांत बोलतंय की पढवलेलं, हे तिथे बसलेल्या अनुभवी माणसाला पाच मिनिटांत कळतं. सात वर्षांचं पोर "पप्पा माझी आर्थिक जबाबदारी घेत नाहीत" म्हणालं की ते वाक्य कोणाचं हे उघड असतं, आणि त्याचा फटका पढवणाऱ्यालाच बसतो.

आदल्या रात्री मुलाला एवढंच सांगा: तिथे एक काका किंवा मावशी तुझ्याशी बोलतील, तुला वाटेल ते सांग, मी रागावणार नाही, आणि कुठे राहायचं हे ठरवायचं काम तुझं नाही, ते मोठ्यांचं आहे. शेवटचं वाक्य कृपा करून वगळू नका. आई किंवा बाप यांतला एक "निवडल्याचं" ओझं घेऊन मोठी झालेली मुलं ते विसरत नाहीत.

मुलावर लैंगिक अत्याचाराचा खरा संशय असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली तक्रार करणं बंधनकारक आहे. ताब्याच्या तारखेची वाट पाहू नका. दावा जिंकण्यासाठी मात्र असा आरोप कधीही रचू नका. तपासणी, जबाब आणि प्रश्न यांतून जातं ते मूलच.

वडिलांसाठी

बायको मूल घेऊन माहेरी गेली आणि भेटू देत नाही, तर चार माणसं घेऊन तिच्या दारात जाऊ नका, शाळेतून मूल उचलून तर मुळीच आणू नका. दोन्ही गोष्टी तुमच्याविरुद्ध पहिला पुरावा होतात. भेटीसाठी लेखी मागणी करा, मुलाचा खर्च दर महिन्याला बँकेतून पाठवत राहा, दावा चालू असला तरी आणि ती बोलत नसली तरी. मग भेटीचा अंतरिम अर्ज करा. सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात २०२० साली म्हटलं आहे, की दूर राहणाऱ्या पालकाला प्रत्यक्ष भेटीबरोबर फोन आणि व्हिडिओ कॉलनेही मुलाच्या संपर्कात राहता यायला हवं.

भेटीला वेळेवर या. पहिल्या भेटीत मूल रडलं, बोललं नाही, तरी पुढच्या भेटीला या. महागडं खेळणं आणण्यापेक्षा त्याच्या शाळेतल्या मित्रांची नावं लक्षात ठेवा. आणि आईने, मारहाणीचा धोका नसेल तर, आदेशातली भेट टाळू नये. पुन्हापुन्हा भेट टाळल्यामुळे ताबाच बदलला जाऊ शकतो.

आता घटस्फोट

ताबा, पोटगी आणि जागा यांची तात्पुरती घडी बसल्यावर घटस्फोटाचा विचार शांतपणे करता येतो. लग्नाला वर्ष झाल्याखेरीज, अपवादात्मक हालअपेष्टा सोडल्या तर, अर्जच करता येत नाही. पत्नी आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करू शकते. क्रूरता, परित्याग अशा कारणांचा दावा लढवायचा तर बरीच वर्षं जातात. दोघांची तयारी असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब ची परस्परसंमती बरी. त्यासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. सहा महिने थांबण्याची अट योग्य परिस्थितीत माफ होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने स्पष्ट केलं आहे.

संमतीच्या अटी लिहिताना घाई होते आणि "वडील मुलाला सोयीने भेटतील" असं एक वाक्य टाकून सगळे सुटतात. पुढचे पाच वर्षांचे वाद त्या "सोयीने" शब्दातून निघतात. कोणता शनिवार, किती ते किती, कोण आणून सोडणार, हे लिहा. दिवाळीच्या सुट्टीचा पहिला अर्धा कोणाकडे, मे महिना कसा वाटायचा, गणपतीला मूल कोकणातल्या घरी जाणार का, वाढदिवस, आजारपण, फी आणि क्लासचा खर्च, पासपोर्टवर सही कोण करणार, आई नोकरीसाठी गाव बदलणार असेल तर किती दिवस आधी कळवायचं, रक्कम दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, सगळं लिहा. एकरकमी पोटगी असेल तर पूर्ण रक्कम किंवा डिमांड ड्राफ्ट हाती येईपर्यंत शेवटचा जबाब देऊ नका.

आदेश हातात आल्यावर

प्रमाणित नकला जास्तीच्या काढा. एक शाळेत मुख्याध्यापकांना द्या आणि मुलाला कोण नेऊ शकतं याचं पत्र जोडा. दुसरी जवळच्या पोलीस ठाण्यात ठेवा. समोरच्याने हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण आदेश मोडला तर तो गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ताबा किंवा भेटीचा आदेश मोडला जात असेल तर अंमलबजावणीसाठी दरखास्त करा आणि वहीतल्या तारखा तिथे वापरा.

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. मूल मोठं झालं, कोणाची बदली झाली, कोणी व्यसन सोडलं किंवा नव्याने धरलं, तर ज्या न्यायालयाने आदेश दिला तिथेच तो बदलून मागता येतो. अर्जात काय बदललं हे तारखेनिशी लिहा, आणि नवा आदेश येईपर्यंत जुना पाळत राहा.